राखणीचा तास

हर्षाली बोरसेच्या डोक्यावर ती टोपी बसवायला पाऊण तास लागला. केस दाट, त्यात सकाळीच चोपडलेलं तेल, आणि टोपीच्या चौसष्ट टिकल्यांना तर थेट कातडी हवी. भाषा विभागाचे उपासनी सर एकेक टिकली उचलून तिच्याखाली गार जेल सोडत होते आणि दर वेळी ‘सॉरी हं’ म्हणत होते. चौसष्ट वेळा सॉरी ऐकलं की माणसाला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं.

चुकलं होतंच म्हणा. पदवी हवी तर इंग्रजी सोडून एका परकीय भाषेत तिसरी पातळी गाठा, ही अट कॉलेजनं पहिल्याच दिवशी सांगितली होती. शहाणी मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षात चार सत्रं उरकून मोकळी झाली. हर्षालीनं सुरुवातीला पुढं बघू म्हणत टाळलं, आणि नंतर जमेना. ते वर्ग असत शनिवारी, आणि गेली दोन वर्षं हर्षालीचा शनिवार तिचा नव्हताच. शुक्रवारी पुण्याहून धुळ्याची बस पकडायची आणि शनिवारी सकाळी कासारपिंप्रीला आईसमोर जाऊन बसायचं, हे तिचं व्रत होतं. अन्नतंत्राच्या सगळ्या विषयांत पहिला वर्ग मिळवून ती शेवटच्या वर्षाच्या शेवटाला आली होती, आणि घोडं भाषेपाशी अडलं होतं.

आईची, म्हणजे कल्पनाबाईंची, हकिगत थोडक्यात अशी. गावातल्या बायका लावतात तशी ती लहानपणापासून दातांना मिश्री लावायची. त्या मिश्रीनं शेवटी जीभ खाल्ली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण अर्धी जीभ आणि जबड्याचा एक तुकडा काढून. त्यानंतर तिच्या तोंडून जे निघायचं त्याला गाव बोलणं म्हणत नव्हतं. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं, नवरा आधीच गेलेला. शेजारच्या उषाक्कापासून सरपंचापर्यंत सगळे एकच करत. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान डोलवत आणि ‘हाव, हाव’ म्हणत. मनानं कोणी वाईट नव्हतं. पण कळलं नाही असं बिचारीच्या तोंडावर सांगायचं कसं, म्हणून आपलं हाव, हाव. आईला ते पहिल्या आठवड्यातच उमगलं, आणि तिनं लोकांशी बोलणं सोडून दिलं.

फक्त हर्षालीला कळायचं, आणि सगळं कळायचं. दुसऱ्याला जिथं नुसती घरघर ऐकू येई तिथं तिला शब्द ऐकू येत, टोमणे ऐकू येत, आईनं केलेली उषाक्काची नक्कलसुद्धा ऐकू येई. पाळण्यापासून कानात मुरलेली अहिराणी होती ती; अर्धा शब्द आला तरी उरलेला अर्धा तिच्या मनातून आपोआप भरून निघे. शनिवार-रविवार समोर बसून आणि इतर दिवशी संध्याकाळी सातला फोनवर, आई साठलेलं सगळं बोलून घ्यायची. तिचं बोलणं समजणारं जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

“आता तुम्ही काही करायचं नाही,” उपासनी सर म्हणाले. “उत्तरं तुमचा मेंदूच देईल. तुम्ही फक्त ऐका.”

कानात वाक्यं येऊ लागली. मी चहात साखर घातली. मी चहात खिडकी घातली. दुसरं वाक्य ऐकून हसू येतं ते नंतर. त्याच्या आधीच, अर्धा सेकंदही झालेला नसताना, मेंदू दचकतो, आणि त्या दचकण्याची बारीकशी लाट डोक्याच्या कातडीवरून टिपता येते. जी भाषा येत नाही तिच्यात मेंदू दचकत नाही. चहात साखर काय नि खिडकी काय, त्याला सारखंच. जी येते तिच्यात दचकतो, आणि जी पाळण्यात शिकली तिच्यात सगळ्यांत लवकर दचकतो. तोंडानं थापा मारता येतात, उत्तरं पाठ करता येतात, पण दचकणं कोणाच्या हातात नसतं. म्हणून तर कॉलेजांनी लेखी चाचण्या गुंडाळून ठेवून ही टोपी आणली होती.

“जर्मन शून्य,” सर पडद्याकडे बघत म्हणाले. “इंग्रजी उत्तम, पण शिकलेलं. मराठी...” ते पडद्यावर वाकले. “गंमत आहे. मराठीत तुम्ही दचकताय, पण चाळीस मिलिसेकंद उशिरा. पाळण्यातल्या भाषेचं असं होत नाही. घरी दुसरं काही बोलता का तुम्ही?”

दार उघडं होतं आणि दारात पुढच्या नंबरच्या तीन मुली उभ्या होत्या. पहिल्या वर्षी भर वर्गात हर्षालीच्या तोंडून ‘मला’च्या जागी ‘माले’ निघून गेलं होतं, आणि पुढं वर्षभर तिचं नावच ‘माले’ पडलं होतं. ते नाव ठेवणारी मृण्मयी त्या तिघींत होती. शिवाय खरं सांगायचं तर शाळेच्या दाखल्यापासून जनगणनेपर्यंत कासारपिंप्रीतल्या यच्चयावत माणसांनी मातृभाषेच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता. अहिराणी ही घरात घालायची चप्पल. ती घालून कोणी तहसीलीत जातं का?

“नाही सर. मराठीच.”

“नक्की ना?”

“हो.”

सरांनी तसं टाइप केलं.

आता तिच्यापुढं दोन वाटा होत्या. एक चार सत्रांची, म्हणजे आणखी दोन वर्षं. पण नाशिकच्या एका कारखान्यानं तिला निवडलं होतं. जुलैत पदवी दाखवायची, रुजू व्हायचं, आणि राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. त्या दोन खोल्यांसाठीच तर हा सगळा आटापिटा. आईला आणायचं, शनिवारची वाट न बघता रोज तिचं बोलणं ऐकायचं, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं. दुसरी वाट होती सहा आठवड्यांची. तिला सगळे ‘खिडकी’ म्हणत.

खिडकीबद्दल उपासनी सरांनीच समजावलं. लहान मूल भाषा शिकत नाही, नुसतं पितं. पुढं मेंदूतल्या पेशींभोवती बारीक जाळी विणली जाते. आतलं घट्ट होतं आणि नव्याला शिरायला जागा राहत नाही. म्हणून मोठेपणी भाषा शिकताना घाम फुटतो. नाकात मारायचा एक फवारा निघाला होता, तो ही जाळी सहा आठवड्यांपुरती सैल करी. मग जर्मन माणसांत बसवलं की मोठं माणूसही तान्ह्या पोरासारखं जर्मन पिऊ लागे.

“पण सैल जाळीतून नवं आत येतं तसं जुनं बाहेरही जातं,” सर म्हणाले. “मूल जे ऐकतं ते ठेवतं, जे ऐकू येत नाही ते टाकून देतं. तीन वर्षांचं मूल दूरदेशी दत्तक गेलं की वर्षभरात आईची भाषा विसरतं. तेव्हा रोज एक तास मातृभाषा ऐकायचीच, अगदी सक्तीनं. राखणीचा तास म्हणतो आम्ही त्याला.”

“आणि इंग्रजी, हिंदी?”

“त्या जाळी विणून झाल्यावर आल्या. त्यांचा कप्पा वेगळा, त्यांना धक्का नाही. खिडकीतून आलेलं तेवढंच खिडकीतून जातं.”

राखण म्हटल्यावर हर्षालीला ज्वारीच्या वावरात गोफण घेऊन बसलेले वडील आठवले. एक दिवस माळ्यावर कोणी नसलं की पाखरं कणसं रिकामी करून जायची.

संध्याकाळी सातला तिनं आईला सगळं सांगितलं. सहा आठवडे येणं नाही, मग कायमचं नाशिक.  आईच्या त्या मोडक्या तोंडातून आलं आणि हर्षालीला स्वच्छ ऐकू आलं, “जाय तू. मी आठेच शे.” तू जा, मी इथंच आहे.

खिडकीच्या मुलांना जुन्या वसतिगृहात वेगळं ठेवलं होतं. प्रत्येकाच्या दोन्ही कानांत एक यंत्र असे, त्याला मुलांनी ‘चाळण’ नाव ठेवलं होतं. नोंदलेल्या दोन भाषा तेवढ्या चाळणीतून आत येत. बाकी जे काही कानावर पडेल ते ती पुसून टाकी, म्हणजे उघड्या मेंदूत भलतंसलतं शिरायला नको. एरवी फोनवर बंदी होती, पण राखणीच्या तासात घरी बोलायची मुभा होती.

पहिल्या दिवशी तिनं आईला व्हिडिओ लावला. आईचे ओठ हलताना दिसले. आवाज आला नाही. पंख्यासारखी एक बारीक घरघर येत राहिली आणि फोनच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: भाषा नोंदलेली नाही. आई हसली, डोक्यावरचा पदर सारखा केला, पुन्हा काहीतरी बोलली. हर्षाली म्हणाली, “माय, नेटवर्क नाही गं,” आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उपासनी सरांना गाठलं.

“सर, माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं. तिनं अर्जात मराठी लिहिलंय, पण घरी वेगळी बोली बोलतात.”

“कुठली?”

“अहिराणी.”

सर गंभीर झाले. “चाळणीच्या यादीत एकेचाळीस भाषा आहेत, त्यात ती नाही. यादी करताना ती मराठीतच धरली होती. पण मेंदू यादी वाचत नाही. मैत्रिणीला म्हणावं, फवारा आज बंद कर. एका दिवसानं काही बिघडत नाही. तिला खिडकी चालायची नाही, चार सत्रं करावी लागतील.”

“आणि नाहीच बंद केला तर?”

“तर जाईल. जे ऐकू येत नाही ते जातं. मी सांगितलं होतं सगळ्यांना.”

तर असं हे. पुढं हर्षाली ज्याला त्याला सांगू शकली असती की मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. खोलीवर येऊन ती फवाऱ्याची बाटली हातात घेऊन बसली. तिच्या डोळ्यांपुढं दोन वर्षं आली, गेलेली नोकरी आली, कासारपिंप्रीत एकटी बसलेली आई आली. मग तिनं स्वतःची समजूत घातली, जशी आपण सगळेच घालतो. बोली काय वहीत लिहिलेली असते पुसून जायला? रक्तात असते ती. बावीस वर्षांची भाषा सहा आठवड्यांत जाते कुठं? तिनं फवारा मारला. चाळण कानातून काढून आईचं ऐकायचा प्रयत्न तिनं दोनदा केला. दोन्ही वेळा यंत्रानं नोंद केली, आणि तिसऱ्यांदा केलंत तर नाव रद्द, अशी तंबी आली. तिनं कानाला खडा लावला. राखणीच्या तासात उषाक्काला फोन करून मराठीत विचारायची, आई बरी आहे ना, आणि ठेवायची.

जर्मन मात्र धो धो आली. दुसऱ्या आठवड्यात ती भांडू लागली, चौथ्या आठवड्यात तिला विनोद कळू लागले. राखणीच्या तासात एका बाईंचा गोड आवाज मराठी गोष्टी वाचून दाखवी. हर्षालीची मराठीसुद्धा घासूनपुसून लख्ख झाली. न आणि ण आपापल्या जागी बसले. आता तिच्या तोंडून ‘माले’ निघणं शक्य नव्हतं, आणि याचा तिला आनंदच झाला होता, हे ती पुढं स्वतःला कधीच माफ करू शकली नाही.

शेवटच्या चाचणीत तिला तिसरी नाही, चौथी पातळी मिळाली. सगळ्या तुकडीत पहिली. उपासनी सर गावाला गेले होते, म्हणून निकाल दुसऱ्याच कोणी हातात दिला. चाळण परत करून ती थेट बस स्टँडवर गेली.

कासारपिंप्रीत शिरताच तिला काहीतरी विचित्र वाटलं. पारावरची माणसं बोलत होती आणि तिला निम्मंअर्धं कळत होतं, पुण्याच्या कुठल्याही मुलीला कळावं तितकं. उषाक्का दारातच भेटली, “उनी का वं पोर?” म्हणाली, आणि ‘आलीस का गं’ असं ते जुळवायला हर्षालीला क्षणभर थांबावं लागलं. 

आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा करून ठेवला होता. लेक दिसल्याबरोबर तिनं तिचे दोन्ही गाल हातात धरले, तिला समोर बसवलं आणि ती बोलू लागली. सहा आठवड्यांचं साठलेलं होतं. हात हलत होते, भुवया वर जात होत्या, मध्येच तिनं कोणाची तरी नक्कल केली आणि स्वतःच हसली, मध्येच डोळ्यांत पाणी आलं ते पदरानं टिपून पुन्हा बोलू लागली. हर्षाली ऐकत होती. घरघर, लाळेचा आवाज, एखादा ‘आ’, एखादा ‘ओ’. पूर्वी त्या आवाजांच्या मागं एक अख्खं घर उभं असायचं. आता मागं काहीच नव्हतं. तिनं अंगातला जीव कानात आणून ऐकलं. एक शब्द कळेना.

आई थांबली. प्रश्न विचारल्यासारखी मान तिरपी करून तिनं लेकीकडं पाहिलं.

त्या वेळी हर्षालीनं सांगून टाकायला हवं होतं. पण सहा आठवडे वाट बघितलेल्या त्या चेहऱ्यासमोर तिची जीभ उचलली नाही. तिनं मान डोलवली.

“हाव,” ती म्हणाली. “हाव, हाव.”

आईचा हात हवेतच राहिला. ती लेकीकडं बघत राहिली, आणि मग हळूहळू तिचा चेहरा मिटत गेला. हे ‘हाव’ ती चांगलं ओळखत होती. दोन वर्षं सगळ्या गावानं तिला तेच तर दिलं होतं. तिनं आणखी एक काहीतरी म्हटलं, अगदी थोडं, तीन-चार शब्दांचं असेल. हर्षाली रडायला लागली. आईनं ताट तिच्यापुढं सरकवलं आणि ती पाणी आणायला आत गेली.

त्या दिवशी आई काय बोलली होती ते पुढं कधीच कोणाला कळलं नाही. उषाक्कानं ओट्यावरून ऐकलं होतं, पण तिला कधी कळलं होतं? ऐकून समजेल असं माणूस आता जगात उरलंच नव्हतं.

“मैत्रीण मीच होते सर,” पुण्याला परत जाऊन हर्षालीनं उपासनी सरांना सांगितलं.  सरांनी कपाटातून टोपी काढून तिच्या डोक्यावर बसवली. या वेळी त्यांनी एकदाही सॉरी म्हटलं नाही. हर्षालीच्या फोनमध्ये आईची जुनी बोलणी सापडली, तीन-चार, कुठं बस चुकल्याची, कुठं मांजर व्याल्याची. ती त्यांनी तिच्या कानात सोडली. पडद्यावरची रेघ सरळ चालत राहिली. उषाक्काचा आवाज लावला तेव्हा रेघेवर अधूनमधून बारीक उंचवटे आले, कोणाही मराठी माणसाला येतील तसे. आईचा लावला की पुन्हा सपाट. आईनं मांजराच्या जागी बस व्याली म्हटलं असतं तरी तो मेंदू दचकला नसता.

“खिडकी पुन्हा उघडा,” ती म्हणाली. “मी सहा आठवडे आईजवळच बसते. दुसरं काही ऐकत नाही.”

“ती दुसऱ्यांदा उघडत नाही. जाळी परत विणली जाते ती दुप्पट दाट असते.” सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चाळीस मिलिसेकंद मला दिसले होते, हर्षाली. मी दार लावून परत विचारायला हवं होतं.”

“मी तरी खरं कुठं सांगणार होते,” हर्षाली म्हणाली.

निकालपत्रावर त्यांना नियमाप्रमाणे काहीतरी लिहावं लागलं. अहिराणी: पातळी शून्य.

जुलैत ती नाशिकला रुजू झाली आणि आईला घेऊन आली. ठरवलं होतं ते सगळं झालं. दोन खोल्या, खिडकीत तुळस, आईसाठी मऊ गादी. हो-नाही मानेनं होई, भूक आणि औषध खुणेनं. मराठीतलं लेकीचं बोलणं आईला समजे, पण आई आपण होऊन तोंड उघडत नसे. हर्षालीनं चित्रांची पाटी आणून दिली, बोट ठेवून सांगायची. आईनं ती भाकरीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. संध्याकाळी सात वाजले की दोघी टीव्हीसमोर बसत आणि दोघीही घड्याळाकडं बघायचं टाळत.

तरी हर्षालीनं हाय खाल्ली नाही. तिनं वही घातली. रोज जेवणाच्या सुट्टीत ती उषाक्काला फोन करी आणि एकेक वाक्य विचारून लिहून घेई, परदेशी माणूस लिहितो तसं. “आवं, तुले काय जयं?” उषाक्का हसून म्हणे. “तू आठलीच पोर ना!” शब्द पाठ होत, पण तोंडात परके वाटत, दुसऱ्याच्या चपलेसारखे. एक वाक्य तिनं पंधरा दिवस घोटलं.

त्या दिवशी ती कारखान्यातून आली तेव्हा आई ओट्याशी भाकरी थापत होती. हर्षाली तिच्या जवळ जाऊन उभी राहिली. वहीतलं वाक्य तिनं एकदा मनात म्हणून पाहिलं.

“माय,” ती म्हणाली, “मन्हासंगे बोल ना. माले तुन्ही बोली शिकाड. मी...”

आईनं वळून पाहिलं. तिची नजर लेकीच्या तोंडावर थांबली, त्या ठाकठीक, अडखळत येणाऱ्या शब्दांवर थांबली, आणि तिच्या डोळ्यांत दया आली. कोणी फार खटपट करून बोलायला बघतंय आणि त्याला जमत नाहीये, हे आईइतकं कोणाला कळणार? वाक्य पुरं व्हायच्या आतच तिनं मान डोलवली. पिठाचा हात लेकीच्या गालावरून फिरवला.

“हाव,” ती म्हणाली. या शब्दाला जीभ लागत नाही, त्यामुळं तो अगदी स्वच्छ ऐकू आला. “हाव, हाव.”

आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली होती ती तिनं उलटली.